तळ्याला वाली कोण?

(वाशिम जिल्ह्यातील एका खेड्यात शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेपुढे एका शाळामास्तरांनी केलेले भाषण)



आज आम्ही तुमच्यापुढे धानाच्या तळ्यांची हकीकत सांगणार आहोत. हे ऐकून पुष्कळांस हसू येईल. आपल्या वाशिम जिल्ह्यात धान आहे कोठे? आपल्या रानात सोयाबीन, तूर, कपाशी आणि हरभरा. भात आपल्या ताटात येतो तो दुकानाच्या पोत्यातून. मग कास्तकारांच्या सभेत धानाच्या तळ्याचे पुराण कशाला, असे कोणी विचारील तर त्याचे विचारणे रास्त आहे.

त्याला आमचे उत्तर असे. वैनगंगेच्या खोऱ्यातील गरीब धानकऱ्याच्या तळ्यास जो रोग जडला, तोच रोग आपल्या पाझर तलावास, कोल्हापुरी बंधाऱ्यास आणि पैनगंगेवरच्या बॅरेजेसला जडू पाहात आहे. तिकडे रोग जुना आहे, म्हणून त्याची सर्व लक्षणे उघडी दिसतात. आणि थोड्याफार गावांनी त्यावर औषधही शोधले आहे. शेजाऱ्याच्या घरी आजारी कसा बरा झाला हे विचारून येण्यात शहाण्यास लाज वाटू नये.

आधी तळी काय आहेत ते सांगतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर या पाच जिल्ह्यांत मिळून सहा हजारांहून अधिक जुनी तळी आहेत. सरकारी दप्तरात त्यांस माजी मालगुजारी तलाव म्हणतात आणि लोक थोडक्यात ‘मामा तलाव’ म्हणतात. यांपैकी कित्येक तळी दोनशे-तीनशे वर्षांची आहेत. चांद्याच्या गोंड राजांनी असा शिरस्ता ठेवला होता की, जो कोणी तळे बांधील त्यास तळ्याखालची जमीन द्यावी. अशा जमिनीस ‘तुकुम’ म्हणत. चंद्रपूर शहरात त्या नावाची वस्ती आजही आहे. राजाने हुकूम दिला. पण जागा हेरणे, उतार पाहणे, पाळ बांधणे ही विद्या होती कोहळी नावाच्या कुणब्यासारख्या कष्टाळू जातीकडे. नवेगावबांधचा मोठा तलाव अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी याने बांधला असे सांगतात. या मंडळींजवळ ना दुर्बीण होती, ना कोणत्या कॉलेजची सनद. दोन टेकड्यांमधली खिंड कोठे बांधली म्हणजे वरच्या रानाचे पाणी अडेल, हे ते पावसाच्या लोंढ्याच्या खुणा पाहून ठरवीत. मातीची पाळ, पाणी सोडण्यास तुडूम नावाची मोरी, आणि जादा पाणी काढून देण्यास सांडवा, एवढाच सरंजाम. वरच्या तळ्याचा सांडवा वाहिला की ते पाणी खालच्या तळ्यात जाई, तेथून आणखी खालच्या. पाण्याचा एक थेंब चार गावांस उपयोगी पडून मग नदीस मिळे.

आता कोणी म्हणेल, तिकडे पाऊस आपल्याहून पुष्कळ जास्त. बाराशे-तेराशे मिलिमीटर पडतो, मग तळी हवीत कशाला? येथेच धानाची मेख आहे. धानाला पाऊस किती पडला यापेक्षा केव्हा पडला याची गरज मोठी. मृगाच्या पाण्यावर पऱ्हे टाकावे, आर्द्रा-पुनर्वसूत बांधीत चिखल करून रोवणी करावी, आणि सगळे यथास्थित होऊन धान निसवण्याच्या वेळी हस्ताने दगा द्यावा. लोंबी पोटात असताना बांधी वाळली की चार महिन्यांची मेहनत पळंजी होऊन हाती येते. त्या एका वेळेस चार बोटे पाणी देणारी जी आई, तिचे नाव तळे. दोन-अडीच एकरांच्या धनी शेतकऱ्यास त्या एका पाण्यावर वर्ष काढावे लागते. आपल्याकडे सोयाबीन शेंगेत भरताना आणि हरभरा घाट्यात असताना असेच होते की नाही, हे तुम्ही आम्हांस सांगावे.

या तळ्यांचा मालक कोण होता? इंग्रजी अमलात १८६० च्या पुढे मध्यप्रांतात जी जमाबंदी झाली, तीत गावचा सारा गोळा करणाऱ्या मालगुजारास गावाचाच मालक ठरविले. तळे खोदले कष्टकऱ्यांनी, आणि कागदोपत्री ते झाले मालगुजाराचे. आपल्या वऱ्हाडात रयतवारी होती, म्हणून आपल्यास मालगुजार ठाऊक नाही. पण आपल्यास सावकार आणि देशमुख ठाऊक आहेत, त्यावरून ताडता येईल. हल्ली काही विद्वान मंडळी मालगुजाराच्या काळाचे मोठे गोडवे गातात. त्या काळी तळी भरलेली होती, गाळ निघत होता, शिस्त होती असे ते लिहितात. शिस्त होती हे खरे. पण ती कोणाच्या पाठीवर होती? उन्हाळ्यात पाळीवर माती टाकण्यास गावच्या गरिबास बेगारीने जावे लागे. पाणी आधी मालगुजाराच्या खासगी शेतास आणि उसास, मग उरले तर कुळास. अशा शिस्तीबद्दल डोळ्यांत पाणी आणण्याचे आम्हांस काही कारण दिसत नाही.

तरी त्या व्यवस्थेत एक गोष्ट होती आणि ती मान्य केली पाहिजे. पाळीला भगदाड पडले तर धावून कोणी जावयाचे, हे ठरलेले होते. मोरी कोणी उघडावयाची, गाळ कोणत्या महिन्यात काढून कोणाच्या शेतात टाकावयाचा, ढीवरांनी मासे केव्हा धरावयाचे, गुरांसाठी किती पाणी राखावयाचे, हे ठरलेले होते. गावकऱ्यांच्या या हक्कांस तिकडे ‘निस्तार’ म्हणतात आणि ते हक्क वाजिब-उल-अर्ज या दप्तरात लिहिलेले असत. म्हणजे मालक जुलमी होता, पण तळ्याला वाली होता.

पुढे १९५० चा मालकी हक्क नाहीसे करण्याचा कायदा झाला आणि ३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारी संपली. तळी सरकारजमा झाली. हे अगदी योग्य झाले. कष्टकऱ्याच्या मानेवरचे जू उतरले, याबद्दल आमच्या मनात यत्किंचितही किंतु नाही. परंतु जू उतरविताना गाडी कोणी ओढावयाची हे कोणी सांगितले नाही. मालकी सरकारकडे गेली, तिच्याबरोबर काळजीही सरकारकडे गेली, आणि सरकार तर बसलेले दूर कचेरीत. महाराष्ट्र राज्य झाल्यावर लहान तळी, म्हणजे ज्यांचे सिंचन शंभर हेक्टरांपर्यंत आहे ती, जिल्हा परिषदेकडे आली आणि मोठी पाटबंधारे खात्याकडे गेली. एकेका अधिकाऱ्याच्या माथी शेकडो तळी. तो बिचारा पाळीवरून एक फेरी मारील तर वर्ष संपेल!

मग झाले काय? पाणलोटातले झाड तुटले आणि माती वाहून तळ्यात आली. गाळ काढणे कोणाचे काम हे ठरलेले नव्हते, म्हणून तो राहिला. तळ्याच्या कोरड्या काठावर कोणी नांगर घातला, कोणी घर बांधले. बेशरम नावाचे झुडूप माजले आणि त्याने अर्धे तळे गिळले. सरकारने पाणीपट्टी बसविली. लोक म्हणाले, आमचे हे निस्ताराचे पाणी, बापजाद्यांनी खोदलेले, त्याची पट्टी कसली? सरकार म्हणाले, तुम्ही पट्टी देत नाही तर दुरुस्ती कशाने करू? शेतकरी म्हणाला, तुम्ही पाणी देत नाही तर पट्टी कशाची देऊ? दोघांचेही म्हणणे खरे, आणि दोघांच्या भांडणात तळे मेले.

आम्ही मास्तर पडलो, तेव्हा थोडे गणित केल्यावाचून आमच्याने राहवणार नाही. समजा, दहा हेक्टरांचे तळे आहे आणि पाण्याची सरासरी खोली दोन मीटर आहे. पाणी झाले दोन लाख घनमीटर. आता तळाशी सरासरी अर्धा मीटर गाळ बसला. पन्नास हजार घनमीटर पाण्याची जागा गेली, म्हणजे रुपयातले चार आणे बुडाले. धानास चार बोटे, म्हणजे सुमारे आठ सेंटिमीटर पाणी द्यावयाचे तर हेक्टरी आठशे घनमीटर लागते. पन्नास हजारांस आठशेने भागा. बासष्ट हेक्टर येतात. पाटात मुरणे आणि उन्हाने उडणे यांत निम्मे गेले असे धरले तरी तीस हेक्टर, म्हणजे पाऊणशे एकर धानाचे एक पाणी त्या गाळाने खाल्ले. अडीच एकरांचा एक शेतकरी धरला तर तीस घरांची चूल. हा हिशेब कोणत्याही पाचवी-सहावीच्या मुलास येईल. तो गावच्या चावडीवर आजवर कोणी का मांडला नाही, हाच आमचा प्रश्न आहे.

सरकारने काहीच केले नाही असे मात्र म्हणता येणार नाही. मामा तलावांच्या दुरुस्तीसाठी वेळोवेळी पैसा निघाला. डिसेंबर १९१४ साली नव्हे, तर आपल्या डोळ्यांदेखत २०१४ च्या डिसेंबरात जलयुक्त शिवार निघाले, २०१७ साली गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना निघाली. त्याच खोऱ्यात गोसीखुर्दचे मोठे धरणही उभे राहिले. त्याची कोनशिला १९८८ साली बसली. आरंभी त्याचा अंदाज ३७२ कोटींचा होता, तो पुढे अठरा हजार कोटींच्या वर गेला. मोठ्या धरणास आमचा विरोध नाही. परंतु ज्या खोऱ्यात पूर्वजांनी सहा हजारांवर तळी बांधून ठेवली, तेथे आधी ती नीट करावी, असे धानकऱ्याने म्हटले तर त्यात गैर काय?

आता दुरुस्तीच्या पैशाचे काय होते ते ऐका. पैसा आला, ठेकेदार आला, यंत्र आले. पाळीवर माती पडली, मोरीस सिमेंट लागले, पाटी रंगली, फोटो निघाला. दोन पावसाळ्यांनी बेशरम पुन्हा उगवली. मोरीचे दार कोणी तरी काढून नेले. खाली पाट होता तेथे कोणी बांधी वाढवून घेतली. मग पुन्हा अर्ज, पुन्हा पैसा, पुन्हा ठेकेदार. अशाने तळे जिवंत होत नाही. त्याचे वर्षश्राद्ध मात्र थाटात होते.

जेथे तळी खरोखर जिवंत झाली, तेथील रीत निराळी आहे. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ या संस्थेने गोंदिया-भंडाऱ्याकडे ढीवर बांधवांना हाताशी धरून काम केले. ढीवर म्हणजे आपल्याकडचे भोई. शेतकऱ्यास तळ्याची आठवण हस्तात होते, ढीवरास ती बारा महिने असते, कारण त्याचे पोट त्यात आहे. या लोकांनी बेशरम मुळासकट उपटली. तळ्यात पूर्वी कोणत्या पाणवनस्पती होत्या, कोणत्या वनस्पतीपाशी कोणता मासा अंडी घालतो, हे त्यांच्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून गोळा केले आणि त्या वनस्पती पुन्हा लावल्या. चिखलात उतरून रोपे लावण्यात ढीवर बायका पुढे होत्या. गावठी मासा परत येऊ लागला. ज्यांस अडाणी म्हणून आजवर कोणी सभेत बसू दिले नाही, त्यांचे ज्ञान तळ्याच्या कामी आले. पदवीधरांनी याचा विचार करावा.

यावरून आमचे एकच सांगणे आहे. पाण्याला मालक नको, पण वाली पाहिजे. मालगुजार गेला ते बरे झाले. त्याच्या जागी कचेरी आली, तिने पैसा द्यावा, तिचे ते कर्तव्यच आहे; पण कचेरी रात्री पाऊस पडत असताना पाळीवर येऊन उभी राहणार नाही. पाळीवर उभा राहील तो ज्याचे शेत, ज्याचे जाळे आणि ज्याची गुरे त्या पाण्यावर आहेत तो. त्याच्या हाती हक्क आणि जबाबदारी ही दोन्ही एकदम दिली पाहिजेत. नुसता हक्क दिला तर लूट होते. नुसती जबाबदारी दिली तर ती पुन्हा बेगार होते.

हा विचार आम्ही आज नवा काढला असे नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, त्यात हे सर्व आहे. पावसाचे पाणी शेतात मुरून मग ओढ्यानाल्यास जावे अशा बेताने सरकारने जागोजाग ताली व बंधारे घालावे, त्या कामी रिकाम्या बसलेल्या शिपायांस लावावे, आणि तळ्यातला व नाल्यातला गाळ शेतकऱ्यांस पूर्वीप्रमाणे फुकट नेऊ द्यावा, अशी त्यांची मागणी होती. पाणीपट्टी घेता तर प्रत्येकाच्या शेतास पाणी पोहोचते की नाही ते पाहा, हेही त्यांनी इंजिनेर खात्यास खडसावून विचारले. सरकारने बांधावे, शेतकऱ्यास मोजून मिळावे, गाळ त्याच्या शेतात जावा. दीडशे वर्षे होत आली, तरी मागणी तीच आहे.

आणि ही मागणी पुरी झाल्याची उदाहरणे याच महाराष्ट्रात आहेत. नाशिक जिल्ह्यात वाघाड धरणाच्या कालव्याच्या शेवटी ओझर हे गाव आहे. कालव्याचे पाणी वरच्यावर संपे, आणि शेवटच्या शेतकऱ्यास कोरडा पाट पाहावा लागे. १९९०-९१ च्या सुमारास समाज परिवर्तन केंद्राच्या बापूसाहेब उपाध्ये व भरत कावळे यांच्या खटपटीने तेथील शेतकऱ्यांनी पाणीवापर संस्था काढल्या. त्यांतील एकीचे नावच महात्मा फुले पाणीवापर संस्था. सरकारकडून पाणी मोजून घ्यावयाचे, आपसांत वाटावयाचे, पट्टी आपण गोळा करावयाची. ज्यांस पाणी मिळतच नव्हते त्यांनी आरंभ केला, हे ध्यानात ठेवा. पुढे साऱ्या वाघाड प्रकल्पाचा कारभार शेतकऱ्यांच्या हाती आला.

दुसरे उदाहरण कारागीर आणि भूमिहीन मंडळींनी कान देऊन ऐकावे. १९७२ च्या दुष्काळानंतर पुणे जिल्ह्यात पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी १९७४ च्या सुमारास पाणी पंचायत सुरू केली. तेथे पाणी जमिनीच्या एकरांवर वाटले नाही, घरातल्या माणसांवर वाटले. माणशी अर्धा एकर भिजेल इतके, आणि एका घरास फार तर अडीच एकरांचे. उसास बंदी. आणि ज्यास जमीन नाही त्याचाही पाण्यात वाटा. पाऊस काही सातबारा पाहून पडत नाही, मग त्याचे पाणी सातबारा पाहूनच का वाटावे? सुतार, कुंभार, मजूर यांनीही हा प्रश्न विचारला पाहिजे.

पुढे २००५ साली सिंचन व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या हाती देण्याचा कायदा महाराष्ट्राने केला. पाणी मोजून द्यावयाचे, कोणते पीक घ्यावे हे शेतकऱ्याने ठरवावयाचे, आणि संस्थेच्या कारभारात कालव्याचा शिरा, मध्य व शेवट या तिन्ही भागांतले लोक घ्यावयाचे, अशी त्यात तरतूद आहे. कायदा चांगला आहे. पण कायदा हा विहिरीवरच्या दोरासारखा असतो. तो असून भागत नाही, कोणी तरी ओढावा लागतो.

आता आपल्या घरी येऊ. काटेपूर्णा व पूस या नद्या आपल्या वाशिमजवळ उगम पावतात. एक अकोल्याकडे जाते, दुसरी पुसदेकडे. पाणी आपल्या अंगणात जन्मते आणि दुसऱ्याच्या घरी नांदावयास जाते. माथ्यावरच्या जिल्ह्याचे असेच असते. म्हणून आपल्यास मोठ्या धरणापेक्षा लहान तळ्यांचाच आधार अधिक. शेतकऱ्यांच्या आत्महत्या झाल्या म्हणून २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज दिले. त्यात वाशिम होते आणि त्या पैशातला मोठा वाटा सिंचनासाठी होता. पैनगंगेवर बॅरेजेसची मालिका उभी राहिली. नदीत पाणी अडले. पण नदी खाली आणि रान वर. पाणी चढवावयाचे तर वीज पाहिजे. बॅरेज बांधून झाल्यावरही विजेच्या तारेची वाट लोकांनी वर्षानुवर्षे पाहिली. अशा ठिकाणी काय होते ते सांगावयास नको. ज्याचे शेत नदीकाठी आणि ज्याच्या खिशात पैसा, त्याचा पंप आधी बसतो. अर्ध्या कोसावरचा दोन एकरवाला बॅरेजची भिंत पाहून समाधान मानतो आणि दिवाळीनंतर बायकापोरांसह ऊसतोडीस जातो.

गावात तळ्याची गोष्ट काढली की उत्तर येते, “तळं सरकारचं हाये गुरुजी, आपल्याले काय करा लागते त्याचं?” भाऊ, तळे सरकारचे आहे हे खरे. पण वाळते पीक कोणाचे आहे? सरकारचे?

म्हणून आम्ही पाच कामे सुचवितो. एकही काम असे नाही की जे या गावास जमणार नाही.

पहिले काम, आपल्या शिवारातील प्रत्येक तलाव, बंधारा व बॅरेज यांची माहिती ग्रामपंचायतीतून व कचेरीतून काढावी. तो कोणाच्या ताब्यात आहे, त्यात पाणी किती मावावयास पाहिजे, किती शेते भिजावयास पाहिजेत. ही माहिती शाळेच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहावी. लिहिण्याचे काम आम्ही व आमची मुले करू. ज्याला वाचता येत नाही त्यास त्याचे पोर वाचून दाखवील.

दुसरे काम, गाळाचे. यंत्र गावात येण्याआधी ग्रामसभा भरवावी, मागून नव्हे. गाळ कोणाच्या शेतात जावयाचा याची यादी सभेत वाचावी, आणि लहान शेतकरी व विधवा बाया यांची नावे वर असावीत. २०२३ च्या सरकारी निर्णयाप्रमाणे लहान शेतकऱ्यास गाळ नेण्याबद्दल घनमीटरास ३५ रुपये ७५ पैसे, एकरी १५,००० रुपयांच्या मर्यादेत आणि अडीच एकरांस फार तर ३७,५०० रुपये अशी मदत ठरली होती. ती रक्कम आपल्या गावात कोणाच्या नावे निघाली हे विचारण्याचा हक्क प्रत्येकास आहे. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. मोरीच्या तोंडाखाली कितीही खोल खणले तरी ते पाणी पाटाने शेतात येणार नाही; ते गुरांच्या, माशांच्या आणि विहिरींच्या कामाचे. आणि मुरूम लागेपर्यंत खणले तर पाणी राहावयाचेच नाही. म्हणून किती खणावयाचे हे मोजून ठरवावे. ठेकेदाराचे बिल घनमीटरावर वाढते, तुमचे पाणी तसे वाढत नाही.

तिसरे काम, पाणीवापर संस्था काढावी आणि पहिले पाणी शेवटच्या शेतास द्यावे. शिऱ्याच्या माणसास पाणी आपोआप मिळते. शेवटच्यास मिळाले म्हणजे सर्वांस मिळाले, हे आपले माप असावे. बॅरेजवर एकेकट्याने पंप बसविण्यापेक्षा दहा-वीस लहान शेतकऱ्यांनी मिळून एक पंप व एक वाहिनी टाकावी, आणि विजेची मागणी सर्वांच्या सहीने करावी. एकट्याचा अर्ज टेबलाखाली जातो, पन्नास सह्यांचा टेबलावर राहतो.

चौथे काम, ज्यांस शेत नाही त्यांचे हक्क लिहून ठेवावे. भोयाची मासेमारी, कुंभाराची माती, परटाचा घाट, धनगराची व गवळ्याची गुरे. वैशाखापर्यंत तळ्यात किती पाणी राखावयाचे याची खूण पाळीवर दगडाने करावी आणि त्या खुणेखाली कोणीही मोटर लावू नये, मग तो सरपंच असो की सरपंचाचा भाऊ. हक्क तोंडी असला की गरिबाचा आधी जातो.

पाचवे काम, थोडी पट्टी द्यावी आणि तिचा हिशेब भिंतीवर लिहावा. फुकटच्या पाण्यावर कोणाचा शब्द चालत नाही. पट्टी दिली की जाब विचारण्यास तोंड राहते. त्या पैशातून मोरीस वंगण, गेटास कुलूप आणि पाळीवरचे झुडूप काढण्याची मजुरी भागावी. पाळीचे मोठे काम सरकारचे आणि ते त्याच्याकडून करून घ्यावे. पण उंदराचे बीळ बुजविण्यास मंत्रालयाची मंजुरी मागू नये.

या पाच गोष्टी सोप्या आहेत, पण त्यांत एक अडचण आहे आणि ती लपवून ठेवण्यात अर्थ नाही. तळ्याच्या पोटात ज्यांनी शेत केले आहे, काठावर ज्यांच्या मोठ्या मोटरा आहेत, ते आपलेच पाटील, आपलेच पुढारी, कित्येकदा आपलेच भाऊबंद आहेत. पूर्वी जुलूम करणारा परजातीचा म्हणून त्याच्याविरुद्ध बोलणे सोपे होते. आपल्या जातीचा माणूस चार गरिबांचे पाणी तोडतो तेव्हा तोंड उघडणे कठीण जाते. परंतु मालगुजार गेला आणि त्याच्या गादीवर आपल्यापैकीच कोणी बसला, तर मग आपण मिळविले काय? सत्याची चाड असेल तर हा प्रश्न ग्रामसभेतच विचारला पाहिजे, आणि तोही नाव घेऊन, शांतपणे, कागद हातात धरून.

मायबहिणींनो, तुम्हांस वेगळे सांगतो. घरात पाणी संपले हे सर्वांआधी तुम्हांस कळते. तेव्हा संस्थेत तुमची जागा नुसती सहीपुरती असू नये. गेटाच्या कुलपाची एक किल्ली बायांच्या हाती द्यावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आता येत्या ग्रामसभेस कोण कोण येणार ते येथेच ठरवा. शेतकऱ्यांपैकी दोन शिऱ्याचे व दोन शेवटचे, एक भोई, एक कुंभार, दोन मजूर आणि चार बाया अशी बारा नावे आजच लिहून द्यावी. कागद आणि लेखणी आम्ही आणली आहे. तळ्याला वाली कोण, याचे उत्तर त्या कागदावर यावे, एवढे मागून आम्ही खाली बसतो.